पदराची गाठ

नावेत पाय ठेवण्याआधी काशीआत्या आपल्या पदराचं टोक माझ्या परकराला बांधायची. गाठ दातांनी ओढून घट्ट करायची आणि म्हणायची, "पाण्यावर इतबार न्हाई करायचा, लेकी. गंगेला जो भितो, तोच घरला येतो."

काशीआत्या माझ्या वडिलांची विधवा बहीण. तलवाड्याच्या बाजारात मापात मारणाऱ्या दुकानदाराची भर पेठेत खरडपट्टी काढणारी बाई. पाण्याशी आली की मात्र लटलट कापायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि त्या गंगेनंच तिचा नवरा नेला होता. तरी श्रावणातल्या एका सोमवारी बेटावरच्या मठात समईला तेल घालायचं, हा तिच्या सासरचा नेम. तो मोडायची तिला पाण्याहून जास्त भीती. निजामाच्या अमलात तिथं पूल कुठला? जुनाट नाव तेवढी होती.

मठ यादवांच्या काळातला. ओल्या दगडी भिंती, अंधार, वटवाघळांचा उग्र वास. माझा तिथं जीव गुदमरायचा. आत्या मात्र एकेका खांबाला हात लावून स्वतःलाच धीर द्यायची, "ह्ये दगड इतक्या पुरात ऱ्हायले, मंग आपुन कावून बुडू?"

एका वर्षी परतताना अचानक पुराचं तांबडं पाणी आलं. नाव गरगरा फिरू लागली. "हलू नका!" नावाडी ओरडला. मी आत्याला मिठी मारली. तिचे दात वाजत होते. तेवढ्यात तिनं चाचपडत गाठ सोडली आणि माझी बोटं नावेच्या काठावर दाबली. "लाकडाला धर. मला न्हाई."

आत्या मला टाकून देते आहे, असंच मला वाटलं. पाण्यापेक्षा मी त्यालाच भ्याले.

नाव वाहत जाऊन खालच्या अंगाला एका बाभळीला अडकली म्हणून वाचलो. काठावर येताच मी तिला बुक्के मारत विचारलं, "गाठ कावून सोडली?"

"मी बुडाले असते, तर तुला कशाला वडू संगं?" ती म्हणाली. मग कोरड्या वाटेवर पुन्हा गाठ मारून मला घरापर्यंत घेऊन आली.

पुढं मानमोडीची, एकापासून दुसऱ्याला लागून घरंच्या घरं नेणाऱ्या तापाची साथ आली. माझं लग्न होऊन कडेवर तान्हं मूल होतं. आत्या गोठ्यात एकटी तापानं फणफणली आहे, असं कळलं आणि मी धावत गेले. मला दारात बघताच ती किंचाळली, "आत येऊ नगं!"

मी तरी उंबऱ्यावर पाय ठेवला. तिनं पदराचं मोकळं टोक वर केलं. "सोडली बग गाठ. लेकराला धर. मला न्हाई."

मी लेकराला उराशी आवळलं. मी भ्याले, आणि घरी आले.