नंदूकाकांचं पुलापलीकडचं ॲनालिसिस

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचे नंदूकाका सुमंत म्हणजे कायद्याला देव मानणारा माणूस. मंडळाच्या दिवाळीत चार बायका शेंगदाणे लावून तीन पत्ती खेळत होत्या, तर काकांनी पत्ते हिसकावून जुगारावर भाषण ठोकलं. स्वतः ते दिवसभर फोनवर मॅचेसवर पैसे लावतात, पण तो जुगार नव्हे, ते ॲनालिसिस. शिवाय लीगल, ॲपवरच लिहिलंय की!

न्यू जर्सीत एक गोष्ट मात्र लीगल नाही: इथल्याच कॉलेजांच्या टीमवर बेट लावणं. आता कायदा मोडणं काकांच्या रक्तात नाही. म्हणून ते नदीवरचा पूल ओलांडून शेजारच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात जातात आणि तिथल्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून बेट लावतात. कायद्याची एवढी इज्जत हल्ली कोण राखतं?

परवा लेकीच्या, अनन्याच्या न्यू जर्सीतल्याच कॉलेजची फुटबॉल मॅच होती. हाफटाइमला कॉलेजच्या बँडमध्ये ती एकटी ट्रम्पेट वाजवणार होती. शरयूकाकू पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. काकांना नेमकं अर्जंट काम निघालं आणि ते पुलापलीकडे गेले. ॲनालिसिस समोरच्या टीमच्या बाजूनं होतं. असल्या कामात भावनेला थारा देऊन कसं चालेल?

मॅच संपताच अनन्याचा फोन आला. “बाबा, माझा सोलो पाहिलास?”

“पाहिला म्हणजे काय! जिंकलो, जिंकलो!” काका सीटवर उड्या मारत ओरडले.



“बाबा,” अनन्या म्हणाली, “वी लॉस्ट.”