भजं फोडून पाहणारा

नांदुऱ्याहून मोताळ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर भज्यांचा पुडा. प्रत्येक भजं तो आधी अंगठ्यानं फोडायचा, आत डोकावायचा आणि मगच खायचा. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "सवय लागली. बीटी कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार दिसते, अन् आत अळी बसेल राहते."

तो कोकणात, डोंगराखालच्या एका बंदराच्या गावी चार दिवस हिंडून परत येत होता. समुद्र कसा वाटला, मी विचारलं.

"आपल्या लोणारच्या तळ्यासारखाच खारट. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही."

तिथला किल्लाही त्यानं पाहिला होता. गाइड छाती फुगवून म्हणाला होता, हा किल्ला आजवर कोणालाच जिंकता आला नाही.

"मी त्याले म्हटलं, भाऊ, आमचा बियाणंवालाबी असंच सांगे, या कपाशीले अळी लागतच नाही. काही वर्सं लागलीबी नाही. तू जरा दम धर."

उतरताना त्यानं शेवटचं भजं माझ्या हातावर ठेवलं. मी ते नकळत अंगठ्यानं फोडलं. आत नुसता कांदा होता, पण आम्ही दोघांनीही वाकून खात्री करून घेतली.