नाक्याबाहेरची लाल गाडी

पेठ रोडच्या जकात नाक्याबाहेर मी पेरू विकायचे. तिथेच एका माणसाने दोन सीटची परदेशी लाल गाडी ताडपत्रीखाली ठेवली होती. तो रोज शहरातून स्कूटरवर यायचा, रुमालाने गाडी पुसायचा, डोंगराकडे एक फेरी मारायचा आणि परत ताडपत्री घालून स्कूटरवर घरी जायचा.

मी विचारलं, "घरी का नेत नाहीस?"

"मावशी, नाका ओलांडून शहरात आणली की जकात. ती भरायची तर राहतं घर विकावं लागेल."

"मग घेतलीस कशाला?"

"हौस, मावशी. हौसेवर कर नाही अजून."

वेडाच होता.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न झालं. नवरा-नवरीला गाडीत बसवून फोटो काढायचा म्हणून वऱ्हाड टेम्पोतून नाक्याबाहेर आलं. फोटो झाला. जावयाने चावी फिरवली आणि गाडी सरळ शहराकडे घेतली.

"जावईबापू, तिकडे नको! डोंगराकडे घ्या!" फेटा धरून हा मागे धावला. पण त्या गाडीचा आवाज केवढा! ऐकणार कोण?

नवरी बघून नाक्यावरच्या कारकुनाने आदराने दांडा वर केला. गाडी गेल्यावर धापा टाकणाऱ्या बापाला तो म्हणाला, "अभिनंदन, साहेब. पावती कुणाच्या नावाने फाडू?"