दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं वायफाय

हरकती नोंदवायची शेवटची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ठेवायची, हे ज्या कुणाला सुचलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही. लोक सणात असतात, निम्मी चाळ गावाला असते, झेरॉक्सवाला शटर ओढून देवरुखला गेलेला असतो. नेमकी तीच वेळ. आमच्या चाळीमागच्या मैदानावर गाड्या ठेवायची बहुमजली इमारत उभी करायचा प्रस्ताव होता. ते मैदान म्हणजे फार काही देखणी जागा आहे असं नाही. संध्याकाळी मुलींची कबड्डी चालते, सकाळी कठड्यावर गोधड्या वाळतात, मे महिन्यात लग्नाचे मांडव पडतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसांना पाय पसरायला तेवढीच जागा उरली आहे. ती घेऊन तिथे गाड्यांना झोपवायचं.

नोटीस निघाली नवरात्रात. हरकती फक्त संकेतस्थळावर. मी कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले, तर टेबलामागच्या बाईंनी तो हातातसुद्धा घेतला नाही. ऑनलाइन करा, म्हणाल्या. बरं, ऑनलाइन तर ऑनलाइन. तिन्ही मजले फिरून सह्या घेतल्या, झेरॉक्सवाल्याने गावाला जायच्या आधी त्या स्कॅन करून दिल्या, फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये ठेवली. फोनवरून काम होत नव्हतं. फॉर्म उघडायचा, पण फाइल जोडायचं बटण दाबलं की ढिम्म. म्हणजे सगळी भिस्त त्या लॅपटॉपवर.

लॅपटॉप कसला, एका ऑफिसाने टाकून दिलेला जुना डबा. तार जोडायचं भोक आधीच मोडलेलं, त्यामुळे इंटरनेट फक्त वायफायवर. पण चालायचा. पत्रकं, माहिती अधिकाराचे अर्ज, निवेदनं, सगळं त्याच्यावर.

दसऱ्याच्या दिवशी हरकत पाठवून मोकळी झाले असते. तर घरात पूजा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. देवघरासमोर पाटावर आईचं शिवणयंत्र, विळी, मिक्सर, बाबांनी गिरणी बंद पडली तेव्हा घरी आणलेला पाना आणि सूत कापायची कातर, आणि गेली तीन वर्षं माझा लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडू. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. मी म्हटलं, पाचच मिनिटांचं काम आहे, फुलं बाजूला करते आणि करून टाकते. आई नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढे माझी भाषणं चालत नाहीत. उद्या करू म्हटलं. उद्याचा अख्खा दिवस होता की.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लॅपटॉप उघडला, तर वायफाय नाही.

आमचं नेटवर्क यादीत नाही असं नव्हे, यादीच नव्हती. एरवी तिथे अख्ख्या चाळीची नावं दिसतात, कुणाच्या देवाची, कुणाच्या कुत्र्याची. आज कोरं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. भिंतीवरच्या डबीचं बटण बंद करून चालू केलं. डबी काढून खिडकीत ठेवली, मग माळ्यावर. माझ्या फोनवर त्याच डबीचं इंटरनेट व्यवस्थित येत होतं, पण ते मी मोजलंच नाही. फोनवर काय, सगळंच येतं.

पत्रकं लिहून लिहून माझी एक खोड झाली आहे. काही बिघडलं की कारणाच्या आधी मथळा सुचतो. ‘जबाबदार कोण?’ हा माझा लाडका मथळा. उत्तर तयार होतं, इंटरनेट कंपनी. गेल्या महिन्यात दोनदा बंद पडली होती, आज तिसऱ्यांदा. आणि नेमकी आजच कशी, हा प्रश्न मी घरात मोठ्याने विचारला. बाबा पेपर वाचत होते. आई निवडायला घेतलेली मेथी घेऊन आत गेली.

लॅपटॉपमध्ये बिघाड शोधायचं एक बटण असतं. ते दाबलं. पट्टी इकडून तिकडे सरकत राहिली आणि शेवटी उत्तर आलं की वायरलेस बंद आहे. मी त्या यंत्राशी भांडले. बंद आहे हे मलाही दिसतंय, का बंद आहे ते सांग. यंत्राने तेच वाक्य पुन्हा दाखवलं.

मग ग्राहक सेवा. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन, आणि मधे मधे आमच्या योजनांबद्दल जाणून घ्या. वीस मिनिटांनी एक माणूस बोलायला आला. शांत होता बिचारा. डबीवरचे दिवे विचारले, हिरवे होते. फोनवर येतंय का विचारलं. येतंय म्हटलं. मग तो म्हणाला की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे मॅडम, तुमच्या लॅपटॉपलाच एकदा बघा, कडेला कुठे बटण... इथे मी त्याला तोडलं. सगळेच असं म्हणतात, आमच्या बाजूने ठीक आहे. ऑफिसवाले हेच म्हणतात, बिल्डर हेच म्हणतात. मी त्याला मैदान सांगितलं, मुदत सांगितली, आमच्यासारख्यांनी तुमच्या चुकीची किंमत का मोजायची तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. माझ्याकडे सात तासही नव्हते.

फोनचा हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपला तोही दिसला नाही. एवढ्यावरून कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. मी लॅपटॉप काखेत मारून खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन. त्यांनी चहा दिला, पासवर्ड एका वहीत लिहिलेला होता तो अक्षर अक्षर वाचून दाखवला. तिथेही यादी कोरी. आता दोन कंपन्या एकाच दिवशी बंद? मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अगं, सगळं जग तुझ्याविरुद्ध असेल, पण माझं वायफाय नाही हो. माझी सिरियल चालू आहे.”

मी वर आले ती तापूनच. तीन वाजत आले होते. घरात फेऱ्या घालत मी काय काय बोलले ते आता आठवायला नको वाटतं. कुणीतरी काहीतरी केलंय, आपोआप काही होत नाही, ज्याने केलंय त्याला मी सोडणार नाही, इतक्या लोकांच्या सह्या आहेत आत. बोलताना माझा हातही भाषणात असतो तसा वर-खाली होत होता, असं बाबा नंतर म्हणाले. आई दाराशी बसून मेथीची तीच जुडी निवडत होती. एक जुडी निवडायला तिला एवढा वेळ कधी लागत नाही. हे मला दिसलं होतं, फक्त मी त्याचं काही केलं नाही.

चारला बाबांनी पेपर घडी करून ठेवला. बाबा गिरणीत लूम दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाल्यावर बरीच वर्षं एका बिल्डिंगची लिफ्ट चालवली. लॅपटॉप त्यांनी आजवर उघडून बघितला नव्हता. त्यांनी तो मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कडेवरून बोटं फिरवायला लागले, जसं कापड तपासतात तसं.

मी म्हटलं, “बाबा, त्याच्या आतला प्रॉब्लेम आहे. बाहेरून हात फिरवून काय होणार?”

त्यांनी मान वर केली नाही. गिरणीत दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हार घालायचे, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, प्रत्येक यंत्रापाशी जायचा. हार उतरवायचा आणि प्रत्येक दांडा, प्रत्येक खटका हाताने बघायचा. कारण हार घालताना, कुंकू पुसताना, हमखास काहीतरी सरकलेलं असायचं. नवीन पोरगा आला की मोटर उघडून बसायचा आणि जॉबर हसायचा.

मग त्यांनी आईकडे न बघता, अगदी साध्या आवाजात विचारलं, “गो, कुंकू खयसून पुसलंस?”

आईने मेथीची काडी खाली ठेवली. उठली, जवळ आली आणि पदर बोटाला गुंडाळून लॅपटॉपची पुढची कड दाखवली. झाकणावरचं कुंकू ओघळून तिथल्या फटीत गेलं होतं. सकाळी मी उठायच्या आधी तिने ओल्या फडक्याने ते घासून काढलं होतं. त्या कडेला नखाएवढा एक खटका होता. तीन वर्षं मी तो लॅपटॉप वापरते आहे, तो खटका मी पहिल्यांदा पाहिला. शेजारी बारीकसा दिवा, नारिंगी. तो दिवा मला सकाळपासून दिसत होता, मला वाटलं चार्जिंगचा आहे.

बाबांनी नखाने खटका सरकवला. दिवा निळा झाला. यादीत अख्खी चाळ उतरली, देव, कुत्रे, सगळे.

मी आईवर ओरडायच्या बेतात होते. शब्द तयार होते. “अगं, मग सकाळीच सांगायचं ना,” एवढं तोंडातून गेलंसुद्धा.

“कसं सांगू?” ती म्हणाली. “मला वाटलं पाणी आत गेलं आणि माझ्यामुळे मोडलाच. आणि तू म्हणत होतीस, ज्याने केलं त्याला सोडणार नाही.”

लोकांनी न घाबरता पुढे यावं, बोलावं, म्हणून मी मैदानात टेबल टाकून बसते. माझ्या घरात एक बाई सहा तास मेथी निवडत होती.

पण घड्याळ होतं. साडेचार वाजले होते. मी फॉर्म उघडला. पान अर्धवट उघडून अडकलं, पुन्हा उघडलं. फाइल मोठी आहे म्हणून नाकारली, ती बारीक केली. नंबर टाकला, फोनवर ओटीपी यायला उशीर, तो आला तर जुना झाला, नवा मागवला. आई माझ्या खांद्यामागे उभी होती, बोटं एकमेकांत अडकवून. पाचला सात मिनिटं असताना पडद्यावर हरकत मिळाल्याचा क्रमांक आला. मी तो मोठ्याने वाचला. आईने तो कॅलेंडरच्या कडेला, दूधवाल्याच्या खुणांच्या बाजूला लिहून घेतला, संगणकावर तिचा अजून विश्वास नाही.

सुनावणी अजून झालेली नाही. तारीख देतील तेव्हा देतील, बहुधा दिवाळीच्या पाडव्याला देतील. त्यावर मी पत्रक लिहिणारच आहे, वॉर्ड ऑफिसवाले काही सुटलेले नाहीत.

ग्राहक सेवेला मी संध्याकाळी पुन्हा फोन लावला. सकाळचा तो माणूस हवा होता, पण लाइनवर दुसराच आला. त्याला म्हटलं, तुमच्या सहकाऱ्याचं बरोबर होतं, त्याला सांगा. तो गोंधळला. तक्रार बंद करू का मॅडम, विचारलं. करा म्हटलं.

बाबांनी तोवर माझ्या पिशवीतून व्हाइटनरची बाटली काढली होती, पत्रकातल्या चुका झाकायला मी ती जवळ ठेवते. खटका जिथे असायला हवा तिथे त्यांनी एक पांढरा ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. लूमलाही असाच रंगाचा ठिपका असायचा म्हणे.

“पुढच्या वर्षी नको ठेवूया पूजेत हा,” आई म्हणाली.

“ठेव गो,” बाबा म्हणाले. “फक्त सकाळी हिला उठवून खटका बघायला लाव.”

आईने फडकं घेतलं, थांबली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “झाकणावर थोडं कुंकू राहिलंय. पुसू?”

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.