खिशातला कटआउट

“काळे सर, कटआउट तुमच्याकडे आहे का?”

रविवारी सकाळी साडेअकराला हा प्रश्न फोनवर आला. बोलणारी बाई धापा टाकत होती. मी खडकीला घरी वर्तमानपत्र वाचत होतो. कोण बोलतंय विचारलं, तर त्या श्रावणीच्या आई निघाल्या.

श्रावणी माझी विद्यार्थिनी, नववीतली. येरवड्याच्या एका शाळेत गाइड आहे, म्हणजे मुलींमधली स्काउट. शाळेत त्यांचा तास शनिवारी होतो. त्यात गाठी, कवायत, गाणी एवढंच बसतं. एखाद्या विषयाचा बॅज हवा असेल तर त्या विषयातल्या माणसाकडे वेगळं शिकायला जावं लागतं. त्यांच्या गाइड कॅप्टन देशपांडे बाईंनी मला गाठलं. मी वीज कंपनीतून लाइन सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. “काळे साहेब, नाहीतरी रविवारी तुम्ही काय करता?” बाईंनी असं विचारल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा मुलांचा इलेक्ट्रिशियन बॅजचा वर्ग सुरू झाला.

त्या आठवड्यात वर्ग नव्हता. घरी पालकांसमोर एक छोटं काम करून वहीत सही आणायची होती.

“कटआउट माझ्याकडे कसा असेल?” मी म्हणालो. “श्रावणीला द्या फोन.”

“ती नाहीये हो! तिनं टीव्हीजवळचा सॉकेट बदलायला काढला. नवा तडकलेला निघाला म्हणून दुसरा आणायला गेली. मोबाईल इथंच आहे. कटआउट घेऊन गेली वाटतं. आणि वरच्या शिंदे आजोबांचं मशिन बंद पडलंय!”

कटआउट म्हणजे चिनी मातीचा जुना फ्यूज. तो ओढून काढला की पुढची लाइन तुटते. तो कुठे आहे हे मला लगेच कळलं. तो श्रावणीच्या खिशात होता. कारण मीच तसं शिकवलं होतं.

आमच्या धंद्यात नुसतं मेन स्विच बंद करून भागत नाही. कोणीतरी येतो, लाइट गेली म्हणतो आणि स्विच वर करतो. माझ्याबरोबरचा साळुंखे खांबावर असताना असंच झालं. त्याला खाली उतरवणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून माझा एकच नियम: ज्यानं फ्यूज काढला, त्याच्याच खिशात तो राहील. लावेलही तोच, आणि काम पुरं झाल्यावरच. मुलांकडून मी हे दर रविवारी वदवून घ्यायचो. काम चालू असताना मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हाही नियम माझाच.

“कसलं मशिन?” मी विचारलं.

“ऑक्सिजनचं. ते भाडेकरू आहेत ना आमचे. मीटर एकच आहे.”

आजोबांची फुप्फुसं निकामी होत आली होती. ते मशिन हवेतून ऑक्सिजन काढून नळीतून देतं. साठवून ठेवत नाही. वीज गेली की ऑक्सिजन गेला.

“सिलिंडर असेल की जोडीला?”

“रिकामा आहे. उद्या भरायला देणार होते. आजी वारा घालतायत. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केलाय, पण अजून आली नाही.” मग त्या जरा सावरून म्हणाल्या, “थांबा, शेजारचे बबनराव आलेत. ते म्हणतायत, कटआउटच्या जागी तार टाकतो, लगेच चालू होईल.”

क्षणभर मलाही वाटलं, टाकू दे. मग विचारलं, “ताई, त्या सॉकेटच्या वायरी कशा आहेत?”

“बाहेर लोंबतायत.”

“उघड्या?”

“हो. धाकटा तिथंच खेळतोय.”

धाकटा चार वर्षांचा. मी एवढ्या जोरानं ओरडलो की आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली. “त्याला उचला! आधी त्याला उचला! आणि बबनरावांना म्हणावं, मीटरला हात लावू नका!”

फोन बबनरावांनी घेतला. “अहो साहेब, वर म्हातारं माणूस गुदमरतंय आणि तुम्ही नियम सांगताय? तोंड निळं पडाय लागलंय त्यांचं.”

“खाली पोरगं मरेल, बबनराव. तुमचाही हात जळेल.”

“मग करायचं काय? सांगा की!”

मला काही सुचेना. आयुष्यभर मी लाइन गेलेल्या लोकांना शांतपणे उत्तरं दिली. त्या दिवशी एकही उत्तर आठवेना. साळुंखेचा चेहरा समोर आला आणि डोकं चालेना. मी खरोखर घाबरलो होतो. कोणाचं तरी काहीतरी होणार आणि ते माझ्या शिकवण्यामुळे होणार, एवढंच कळत होतं.

मग आमची ही म्हणाली, “अहो, शेजारच्यांकडे लाइट असेल ना?”

तिला विजेतलं काही कळत नाही, असं मी लग्नापासून म्हणत आलोय.

“बबनराव, तुमच्या घरात लाइट आहे?”

“आहे की. आमचं मीटर वेगळं.”

“मग लांब वायर शोधा. एक्स्टेन्शन बोर्ड. तुमच्या घरातून थेट आजोबांच्या मशिनपर्यंत. यांच्या बोर्डाला काहीही लावायचं नाही.”

“समोरच्या इस्त्रीवाल्याकडं हाय लांब वायर,” ते म्हणाले आणि फोन कट झाला.

मी परत लावला. कोणी उचलेना. स्कूटर काढली. होळकर पुलावर रविवारचीही गर्दी होती. पुलाच्या मधोमध उभं राहून मी मनात हिशोब करत होतो. वायर मिळाली असेल का? जिन्यातून नेली की गॅलरीतून? आजोबांना किती मिनिटं झाली? पोहोचूच नये असंही एकदा वाटून गेलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

श्रावणीच्या घरासमोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती आणि माणसं जमली होती. वर बघितलं. बबनरावांच्या खिडकीतून एक काळी वायर निघून वरच्या गॅलरीत गेली होती. कान देऊन ऐकलं. मशिनची घरघर चालू होती. मी स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली आणि ती पडली.

श्रावणी जिन्याच्या पायरीवर बसली होती. एक हात खिशात होता. रडून रडून डोळे सुजले होते.

“कटआउट देत नाहीये,” तिच्या आई चिडून म्हणाल्या. “बबनरावांनी मागितला, मी मागितला. एक ठेवून दिली तरी देत नाही.”

“सर, वायरी उघड्या आहेत,” श्रावणी म्हणाली. “तुम्ही म्हणाला होतात, काम पुरं झाल्याशिवाय कोणालाच द्यायचा नाही.”

मी तिला घेऊन आत गेलो. तिनं वायरींना टेप लावली आणि बोर्ड बंद केला. कटआउट तिनंच लावला. मी फक्त शेजारी उभा राहिलो.

मग दोघंही वर गेलो. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी आजोबांना तपासलं होतं. धोका टळला होता, तरी दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी हात जोडले. “चूक माझी आहे,” म्हणालो. आजोबांनी नाकातली नळी नीट केली. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “पोरीचं काम चोख आहे. फक्त आधी सांगायचं. श्वास घेऊन ठेवला असता.”

श्रावणी पुन्हा रडायला लागली.

संध्याकाळी देशपांडे बाईंना फोन करून सगळं सांगितलं. “कंपनीत लाइन बंद करायच्या आधी तुम्ही लोकांना कळवत नव्हता?” त्यांनी विचारलं.

कळवत होतो. त्या लाइनवर दवाखाना आहे का, हे बघितलं जायचं. तिथे फोन जायचा. पण ते काम ऑफिसातल्या क्लार्कचं होतं. मी खांबाजवळचा माणूस. माझ्या हातात परवानगीचा कागद यायचा तेव्हा फोन झालेले असायचे. त्यामुळे मुलांना मी जे स्वतः करायचो तेवढंच शिकवलं. काम करणारा जगेल कसा, ते सगळं शिकवलं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते विचारायचं शिकवलंच नाही.

वर्ग मी बंद करणार होतो. बाई म्हणाल्या, “आता बंद केलात, तर मुलं अर्धवट शिकलेलीच राहतील. ते जास्त धोक्याचं.” त्यामुळे चालू ठेवला. आता पहिल्या रविवारी मी मुलांच्या हातात टेस्टर देत नाही. आपल्या मीटरवर कोण कोण आहे, हे दारोदार विचारून यायचं.

श्रावणीचा सॉकेट बदलायचा राहिला होता. दोन रविवारनंतर तिनं तो बदलला. मी मुद्दाम गेलो होतो. धाकट्याला बबनरावांकडे ठेवलं होतं. ती आधी वर जाऊन आली. मग कटआउटला हात न लावता खाली मीटरजवळ उभी राहिली. आजोबांनी सावकाश सिलिंडर जोडला, नळी बदलली आणि गॅलरीत येऊन हात वर केला.

“काढू?” तिनं ओरडून विचारलं.

“काढ,” आजोबा म्हणाले.

तिनं कटआउट ओढला. तो खिशात टाकला आणि आत गेली. मी मात्र काम संपून वरचं मशिन पुन्हा सुरू होईपर्यंत गॅलरीकडे कान लावून मीटरजवळच उभा राहिलो.