पिवळी खिडकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनला, माझ्या बायकोला, सुद्धा नाही — आणि आता सांगायला ती राहिलेली नाही. तुम्हालाच का सांगतोय? दिवसभरात बोलायला कुणी नसतं, तेही एक कारण असेल.

मी ड्राफ्ट्समन. सोलापुरात एका आर्किटेक्टच्या हाताखाली तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले. कुणी बांधकाम काढलं की आधी मला गाठायचं — बाजूला किती जागा सोडायची, जुन्या घराला खोली वाढवली तर परवाना लागतो का. लागतो! मी ठणकावून सांगायचो. नियम म्हणजे नियम. मोठ्या ऐटीत सांगायचो हो.

शेजारच्या नरसक्कांच्या घराचा नकाशाही माझाच. नवरा-बायको दोघं चादरीच्या कारखान्यात. प्लॉट एवढासा, त्यात मी बाजूला पाच फूट मोकळे सोडायला लावले. त्यांची एक खोली त्यात गेली, पण कुरकुर नाही. उलट नरसक्का माझ्या टेबलापाशी उभ्या राहून रंग विचारायच्या. नवं बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं — मीच शिकवलं. "पिवळं म्हणजे गेलं की," म्हणून हसल्या होत्या.

त्या पाच फुटांकडे त्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी. मधे कंपाउंड, अलीकडे आमचे पाच फूट. सुमन तिथं उभी राहायची आणि दोघींचं सुरू व्हायचं. कडक भाकरी तिकडं, शेंगाचटणीची वाटी इकडं. मी चिडायचो, किती बोलता म्हणून. आज ते आठवतं.

मग आमच्या मुलाचं लग्न ठरलं. खोली हवी होती. वर चढवावी तर पाया झेपणारा नव्हता. आणि बाजूला आमचे पाच फूट रिकामे पडलेले — दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी त्याला झापलं असतं. स्वतःला विचारलंच नाही. परवाना मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मागितला नाही. भिंत थेट कंपाउंडवरून उचलली. सुमन म्हणाली, नरसक्कांकडं अंधार होईल. मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं?

भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा नरसक्का आल्या. भांडायला नाही. हळूच म्हणाल्या, "अण्णा, तुमालाबी पाच फूट सोडायचे असतात की?"

काय अवघड होतं हो म्हणायला? बघून सांगतो म्हणालो. घरात जाऊन त्यांच्या जुन्या नकाशाची झेरॉक्स काढली आणि — आता सांगतोच — त्यांच्या खिडकीवर पिवळी पेन्सिल फिरवली. सकाळी कागद त्यांच्यापुढं धरला. ही खिडकी नियमात बसत नाही, म्हणालो. तक्रार झाली तर मोजणी दोन्ही घरांची होईल आणि आधी तुमचं तुटेल. सगळं खोटं. ती खिडकी मीच काढलेली, रीतसर मंजूर झालेली. बेकायदा होती ती माझी भिंत.

त्या पिवळ्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आठ दिवसांत गवंडी बोलावून खिडकी बुजवली. आणि वर मला वाटीभर खीर पाठवली, वेळेवर सांगितलं म्हणून. सुमनलाही मी तेच सांगितलं, त्यांचीच खिडकी चुकीची होती. त्यानंतर त्या बाजूला तिला उभं राहायला जागाच नव्हती.

मुलगा-सून वर्षभर राहिले त्या खोलीत, मग पुण्याला गेले. सुमनला जाऊन चार वर्षं झाली. त्या खोलीत आता गाद्यांची चळत आहे, माझा ड्रॉइंगबोर्ड आहे आणि मी आहे. नरसक्कांचे मालकही वारले, आता त्यांची नजर अधू झालीय. भर दुपारी ट्यूब लावून स्वयंपाक करतात. लाइट गेली की तांदळाचं ताट घेऊन पुढच्या पायरीवर बसतात. मला बघून हात करतात. मीही करतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं घर दुरुस्तीला काढलं. नकाशा अण्णांकडूनच, असा त्यांचा हट्ट. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मापं लिहीत होतो. डोक्यावर ट्यूब. मुलानं त्या भिंतीवर हात ठेवून विचारलं, काका, इथं एक खिडकी बसंल का हो?

पेन्सिल माझ्या हातात होती. एक चौकोन काढायचा, बस्स. मग त्यानं विचारलं असतं, आधी का बुजवली? आणि पलीकडं तुमची भिंत कंपाउंडवर कशी?

मी तोंड उघडायच्या आत नरसक्का म्हणाल्या, "नगं रे. नियमात बसत न्हाय ते. अण्णांनी तवाच वाचवलं आपल्याला."

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणालो. घरी येऊन ती भिंत एका सलग काळ्या रेषेत काढली, आणि नकाशा नेऊन दिला.