कॅचरचं तिसरं बोट

बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, असं मला रियाधमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. चूक आहे. विकेटकीपर वेगवान चेंडूला मागे हटून उभा राहतो. कॅचर फलंदाजाच्या पाठीशी उकिडवा बसतो आणि चेंडू अंगावर घेतो. बॅटची कड लागलेला चेंडू मांडीवर, मनगटावर, तोंडावरच्या जाळीवर आदळतो, आणि हा माणूस पुन्हा उकिडवा बसतो.

आमच्या संघाचा कॅचर तैवानचा, चाळिशीला टेकलेला. तिकडच्या व्यावसायिक क्लबांनी नको म्हटल्यावर रियाधला आला. मी संघाची फिजिओ. त्याच्या उजव्या हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी होती. कुठलं बोट कुठे मोडलं ते तो गावावरून सांगायचा. हे तायचुंगचं, हे काओशुंगचं.

करंगळीशेजारचं बोट रियाधचं. सरावात बॅटला चाटून आलेल्या चेंडूने ते फोडलं. मी पट्टी बांधली.

"दीड महिना बसायचं."

"शुक्रवारी खेळणार."

"मग हात इथे काढून ठेव आणि जा."

तो हसला. "दीड महिन्यात हंगाम संपतो. मी बसलो तर इकामा, इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही. घरी गेलेल्या कॅचरला कोण बोलावतं?"

मी मॅनेजरला सांगितलं. त्याने खांदे उडवले. मोठा माणूस आहे म्हणाला, त्याचं त्याला कळतं.

शुक्रवारी त्याने माझी पट्टी दातांनी फाडली. चेंडू टाकणारा पिचर पेशावरकडचा, वीस-बावीसचा. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर मांड्यांच्या मध्ये हात धरून बोटांनी सांगतो. आमच्याकडे दोन बोटं म्हणजे छातीच्या उंचीचा, जोरात. तीन म्हणजे हळू, खाली पडणारा. याने तीन दाखवली. तिसरं बोट सरळच झालं नाही.

ग्लोव्ह जमिनीलगत धरून तो वाट बघत राहिला आणि चेंडू वरून आला. जाळीच्या खाली, उजव्या कॉलरबोनवर. फरशीवर नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तो पुढे कोसळला. तेवढ्यात शेवटच्या तळावर थांबलेला समोरच्या संघाचा धावपटू धाव पुरी करायला याच्याच दिशेने सुटला. याने पडल्या पडल्या ग्लोव्ह घातलेल्या डाव्या हाताने चेंडू ओढला. धावपटूचा गुडघा त्याच्या जबड्यावर बसला. दोघं लोळले. ग्लोव्ह धावपटूच्या पोटरीला लागला होता आणि चेंडू आत होता. पंचाने आउट दिला.

मी पोचले तेव्हा तोंडातून रक्त येत होतं, आणि हाडाचं टोक कातडीखाली तंबूच्या काठीसारखं उभं होतं. खांदा हलू नये म्हणून मी हात छातीशी बांधून टाकला.

पिचर धावत आला. मला तो बाजी म्हणायचा, आपल्या ताईसारखं. "बाजी, दो उँगलियाँ थीं. कसम से, दो."

"काय म्हणतो?" कॅचरने विचारलं.

"दोनच दिसली म्हणतो."

कॅचरने बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग रक्त थुंकून म्हणाला, "मग बरोबर टाकला." थोड्या वेळाने मला म्हणाला, "पुढच्या हंगामात?"

"नाही. या खांद्याने आता जोरात फेकता येणार नाही."

त्याने मान हलवली. राखीव कॅचर घाईघाईत पायांना पॅड बांधत होता. पिचर मात्र स्ट्रेचरपाशी रडत उभा. कॅचरने डाव्या हाताने त्याच्या छातीवर चांगला जोरात गुद्दा मारला.

"यल्ला, चल. तो नवा आहे, सुरुवातीला हळू टाक."

पिचर बाहीला नाक पुसत परत गेला. आम्ही स्ट्रेचर उचललं.